यंत्र कुठे आले आणि कुठे आले नाही?

मागच्या महिन्यात एका वस्तीतल्या अभ्यासवर्गात बोलायला गेलो होतो. विषय होता बाबासाहेब आणि कामगार चळवळ. बोलून झाल्यावर एका तरुणाने विचारले, "सर, हे सगळे गिरणीच्या काळातले झाले. आता एआय येतेय, यंत्रमानव येतायत. कंपनीला माणसेच लागणार नाहीत. मग आम्ही शिकून करायचे काय? आणि यात आंबेडकरी चळवळीचा संबंध काय?"

प्रश्न मनापासूनचा होता. त्यावर लगेच दोन उत्तरे आली. एक म्हणाला, यंत्र म्हणजे प्रगती, जो शिकेल तो टिकेल, बाकीच्यांनी रडत बसू नये. दुसरा म्हणाला, यंत्र म्हणजे भांडवलदाराचे हत्यार, त्याला विरोधच केला पाहिजे. मित्रांनो, मला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात, आणि ती का चुकीची आहेत हे आपलाच इतिहास सांगतो. त्या इतिहासाला दोन प्रश्न विचारायचे आहेत. यंत्र कुठे आले? आणि यंत्र कुठे आले नाही?

धोट्याला लावलेले तोंड

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग गिरणगाव झाला. कोकणातून आणि देशावरून आलेल्या माणसांत आपलेही लोक होते. गावात जी कामे जातीने गळ्यात बांधली होती, त्यापेक्षा गिरणीचा भोंगा बरा, असे त्यांना वाटले. गिरणीत यंत्र होते, आणि यंत्राला जात कळत नाही.

पण यंत्र चालवणाऱ्याला कळत होती. गिरणीत सर्वांत चांगला पगार विणकाम खात्यात मिळत असे. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय सांगितले जाई? मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालावी लागते आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागते. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आमचे तोंड लागले तर आम्ही बाटू, असे सवर्ण कामगार म्हणत. जॉबर त्यांचेच होते. मालकाला सूत कातायला स्वस्तात माणसे हवी होती, ती या बंदीमुळे आपोआप मिळत होती. त्यामुळे आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात अडकून पडली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तोंडाने सूत ओढण्याची ही पद्धत काही निसर्गनियम नव्हती. ती आरोग्याला घातक आहे म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच कायद्याने बंद केली होती. ज्यात सूत आपोआप ओवले जाते असा धोटा असलेले स्वयंचलित माग १८९० च्या दशकापासून बाजारात होते. इंग्लंडने मात्र ही पद्धत बंद करायला १९५२ पर्यंत वेळ लावला, आणि मुंबईच्या गिरण्या इंग्लंडच्याच साध्या मागांवर चालत होत्या. म्हणजे ज्या यंत्राने विटाळाचा बहाणाच संपवला असता, ते यंत्र जगात होते. मुंबईच्या मालकांनी ते आणले नाही. कारण उघड आहे. इथे माणूस स्वस्त होता, आणि आपला माणूस तर सर्वांत स्वस्त.

१९२८ : तिसरा माग

मालकांनी यंत्रावरची माणसे कमी करायचे मनावर घेतले ते १९२० च्या दशकाच्या शेवटी. जपानी कापडाची स्पर्धा वाढली होती, नफा घटला होता. मग त्यांनी 'कार्यक्षमता' हा शब्द काढला. दोन माग चालवणाऱ्या विणकराने तीन चालवायचे. रिंग खात्यात यंत्राची एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन्ही बाजू सांभाळायच्या. पगारात थोडी वाढ, कामात मोठी वाढ, आणि उरलेली माणसे घरी. त्याला त्या काळी 'रॅशनलायझेशन' म्हणत. आज त्याला ऑटोमेशन म्हणतात, पण हिशेब तोच आहे.

याविरुद्ध १९२८ च्या एप्रिलपासून सुमारे दीड लाख कामगारांचा संप झाला. तो सहा महिने चालला. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात जन्माला आली. संप मोठा होता आणि त्यातला राग खरा होता. पण आपल्या कामगाराची अडचण दुहेरी होती. तो होता रिंग खात्यात. तिथे 'दोन बाजू' पद्धत आली की माणसे कमी होणार. रिंग खात्यातून निघालेल्या सवर्ण कामगाराला विणकाम खात्याचे दार निदान ठोठावता तरी येत होते. आपल्या कामगाराला तेही नव्हते. एका बाजूने यंत्र हात कमी करीत होते आणि दुसऱ्या बाजूने जात दुसरे दार बंद ठेवीत होती.

बाबासाहेबांनी नेमके इथे बोट ठेवले. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की विणकाम खात्यासह सर्व खाती अस्पृश्य कामगारांना खुली करण्याची मागणी तुम्ही घेणार नसाल, तर आम्ही आमच्या माणसांना संपात राहायला सांगणार नाही. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी तिची थट्टा केली. हा अन्याय असेलच, तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे ते म्हणाले.

मित्रांनो, मालकांचे हे उत्तर विसरू नका. शंभर वर्षे होत आली, उत्तर बदललेले नाही. कारखाना आमचा, नफा आमचा, कोणते यंत्र आणायचे ते आम्ही ठरवणार, कोणाला काढायचे तेही आम्हीच ठरवणार. पण त्यातून जे घडेल त्याला जबाबदार मात्र समाज.

१९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, यावरून त्यांना कामगारद्रोही म्हणणारे अजून भेटतात. आदल्या वर्षीच्या सहा महिन्यांच्या संपाने कामगार कर्जात बुडाला होता, आणि ज्याच्या घरात सर्वांत कमी शिल्लक त्याला सर्वांत आधी उपास पडत होता. हे ज्याला दिसत नाही त्याने गिरणगावातली चाळ पाहिलेली नाही. बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीत राहत होते. हेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा संपाचा हक्क मोडणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. यातला एक शत्रू विसरून दुसऱ्याशी लढता येत नाही, हा १९२८ चा धडा होता.

जात आणि बेकारी

या धड्याची मांडणी बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या लिखित भाषणात केली आहे. आपण ते पुस्तक धर्मचिकित्सेसाठी वाचतो, आणि त्यातला अर्थशास्त्राचा भाग सोडून देतो. तिथे ते म्हणतात की उद्योगधंदे कधी स्थिर नसतात, त्यांच्यात झपाट्याने आणि अचानक बदल होतात. अशा वेळी माणसाला धंदा बदलता आला पाहिजे. जात तो बदलू देत नाही, म्हणून देशातल्या बऱ्याचशा बेकारीचे ती थेट कारण ठरते.

आजच्या चर्चेतले तज्ज्ञ सांगतात, यंत्र जुनी नोकरी घेते पण नवी नोकरी देते. कागदावर ते बरोबर असेल. पण जुन्या नोकरीपासून नव्या नोकरीपर्यंत जायला एक पूल लागतो. इंग्रजी लागते, ओळख लागते, सहा महिने घरी बसून शिकता येईल इतकी शिल्लक लागते, शहरात भाड्याने खोली मिळावी लागते, आणि आडनाव विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बदलू नये असे कार्यालय लागते. हा पूल कोणासाठी बांधलेला आहे आणि कोणासाठी नाही, हे यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

यंत्र शत्रू का नाही

मग बाबासाहेब यंत्राविरुद्ध होते का? अजिबात नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. माणूस पशूपेक्षा वेगळा होतो तो संस्कृतीमुळे, आणि संस्कृतीला फुरसत लागते. दिवसभर राबणाऱ्याला फुरसत कुठून मिळणार? कष्ट यंत्राने कमी केले तरच मिळणार. चरखा आणि बैलगाडीकडे परत चला म्हणणे म्हणजे बहुसंख्यांनी कायम घाम गाळावा असे म्हणणे.

यंत्रामुळे वाईट परिणाम होतात हे त्यांनी नाकारले नाही. पण दोष यंत्राचा नाही, असे ते सांगतात. खाजगी मालमत्ता आणि खाजगी नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा तो दोष आहे. म्हणून उपाय यंत्र मोडण्याचा नाही. यंत्राचा फायदा मूठभरांनी गिळू नये अशी रचना करण्याचा आहे.

आपल्या आजीने जात्यावर किती दळले आणि पाणवठ्यावरून किती हंडे आणले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गावगाड्यातल्या 'पारंपरिक' श्रमाचे कौतुक ज्यांनी ते श्रम कधी केले नाहीत त्यांनी करावे.

विश्वस्त नको, कायदा हवा

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी विश्वस्ताच्या कल्पनेचीही खिल्ली उडवली आहे. श्रीमंताने आपली संपत्ती समाजाची ठेव समजून वापरावी, ही ती कल्पना. बाबासाहेबांचा विश्वास मालकाच्या हृदयपरिवर्तनावर नव्हता. मालकाच्या जबाबदारीचा त्यांचा अर्थ होता कायद्याने घातलेले बंधन.

१९२८ च्या जुलैमध्ये, म्हणजे गिरणी संप चालू असतानाच, मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाचे विधेयक होते. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले की बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून या खर्चाचा भार मालकाने काही प्रमाणात उचलणे योग्य आहे. कायदा १९२९ साली झाला. यात तत्त्व काय आहे? ज्याने फायदा घेतला त्याने त्यातून येणारा सामाजिक खर्चही उचलायचा. दान म्हणून नाही, देणे म्हणून.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी हेच तत्त्व पुढे नेले. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद या काळात सुरू झाली. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. यंत्राने उत्पादन वाढत असेल तर त्या वाढीचा वाटा कामगाराला कमी तासांच्या रूपाने मिळू शकतो, हे आजही कोणी बोलत नाही.

पुढे १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात कामगारकपातीची भरपाई आली. प्रत्येक वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत तर यंत्रीकरणाच्या अटीच ठरल्या. असलेल्या कामगाराची कपात होऊ नये आणि कमाई घटू नये. फायद्याची वाटणी समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्याय्य व्हावी. कामाचा बोजा दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी ठरवावा. ही तीन वाक्ये आज एखाद्या कंपनीच्या अध्यक्षाला वाचून दाखवा, तो तुम्हाला नक्षलवादी म्हणेल. पण ती सरकार आणि मालकांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेली होती.

मात्र या चांगल्या कायद्यांतही आपल्यासाठी एक गोम होती. कपात करताना जो शेवटी आला तो आधी जाणार, असा नियम आहे. वरवर पाहता न्याय्य. पण जातीने ज्याला चांगल्या खात्यात उशिरा शिरू दिले, तो यादीत शेवटीच असणार. जात न पाहणारा नियम जातीने आखलेल्या रांगेला लावला की तो जातीचेच काम करतो.

गिरण्या यंत्राने बंद पाडल्या काय?

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. जुन्या यंत्रामुळे गिरण्या मेल्या, काळाबरोबर बदलल्या नाहीत, असे तेव्हापासून ऐकवले जाते.

पण कापड विणणे थांबले नव्हते. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. हे यंत्रमाग काही फार आधुनिक नव्हते. बरेचसे साधेच माग होते. फरक यंत्रात नव्हता, कामगारात होता. तिथल्या बहुतेक कामगारांना ना कायमपण, ना भविष्यनिर्वाह निधी, ना युनियन. म्हणजे काम यंत्राकडे गेले नाही, ते कायदा पोहोचत नाही अशा जागी गेले. आजही कंपनी 'तंत्रज्ञानामुळे' माणसे कमी करते आणि तेच काम कंत्राटदाराच्या माणसांकडून करून घेते, तेव्हा भिवंडी आठवा.

आणि गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने ठरवले होते की या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि शहराचा व कामगाराचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. जिथे भोंगा वाजत होता तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले. गिरणी कामगारांचे वारस अजून घराच्या सोडतीची वाट पाहतात.

जिथे यंत्र आले नाही

आता दुसरा प्रश्न. यंत्र कुठे आले नाही?

ते गटारात आले नाही. मैला उचलण्यास बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. या तीस वर्षांत बँकांमध्ये संगणक आले, टपाल बदलले, टोलनाका स्वयंचलित झाला, दुकानातला हिशेब मोबाइलवर आला. आणि मॅनहोलमध्ये अजून माणूस उतरतो. कोणत्या जातीचा, हे मी सांगायची गरज नाही.

यंत्र बनत नाही म्हणून असे होते का? नाही. पाण्याच्या दाबाने गटार मोकळे करणारी आणि गाळ ओढणारी यंत्रे बऱ्याच शहरांच्या पालिकांकडे आहेत. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव बनवला आणि २०१८ पासून तो तिरुवनंतपुरममध्ये वापरातही आला. यंत्र आहे. पण यंत्राला खरेदीची निविदा लागते, डिझेल लागते, दुरुस्ती लागते. कंत्राटदाराला रोजंदारीवरचा माणूस त्याहून स्वस्त पडतो. १९२८ च्या मालकाने स्वयंचलित माग आणला नाही, त्यामागचे गणित आणि हे गणित एकच आहे.

म्हणजे दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवली की चित्र स्पष्ट होते. जिथे यंत्राने मालकाचा पगारखर्च वाचतो तिथे ते येते. जिथे यंत्राने आपल्या माणसाचा जीव वाचला असता तिथे ते येत नाही. यंत्र आणायचे की नाही हे विज्ञान ठरवत नाही. माणसाची किंमत किती धरली आहे, यावरून ते ठरते. आणि या देशात माणसाची किंमत जात ठरवते.

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. गटारात यंत्र आले की सफाई कामगाराची नोकरी जाईल, अशी भीती आपल्याच वस्त्यांत आहे, आणि ती खोटी नाही. यंत्राचे कंत्राट भलत्यालाच मिळते आणि पिढ्यानपिढ्या घाण उपसणारा बाहेर फेकला जातो. म्हणून मागणी अर्धी करून चालणार नाही. यंत्र आलेच पाहिजे, आणि ते चालवण्याचा पहिला हक्क त्याच कामगाराचा, कायम नोकरी आणि प्रशिक्षणासह.

मग आपण काय मागायचे?

आजची कंपनी सामाजिक जबाबदारी म्हटले की सीएसआर दाखवते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले आहे. ते पैसे कुठे चांगल्या कामाला लागत असतील तर आनंदच आहे. पण फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरलाच जात नाही. म्हणजे ज्याला काढून टाकले त्याच्याविषयीची जबाबदारी सीएसआरमध्ये बसत नाही. २ टक्क्यांत शाळेला बाके देऊन उरलेल्या ९८ टक्क्यांचा हिशेब कोणी विचारू नये, ही विश्वस्ताचीच कल्पना आहे, नव्या कोटात.

कायद्याची दिशाही पाहा. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागत असे, आता ती मर्यादा ३०० वर गेली आहे. भरपाईचे माप अजून तेच, १९५३ सालचे, वर्षामागे १५ दिवसांचे. नवे कौशल्य शिकण्यासाठी निधी आहे, त्यात मालकाने कपात झालेल्या कामगारामागे १५ दिवसांचा पगार भरायचा. पंधरा दिवसांच्या पगारात कोणती नवी विद्या शिकून होते, हे कोणी सांगावे.

त्या तरुणाला मी शेवटी जे सांगितले तेच इथे लिहितो. शिका, यंत्रही शिका, संगणकाची भाषाही शिका. पण एकट्याने शिकून हा प्रश्न सुटणार नाही. संघटित होऊन पुढील गोष्टी मागा. यंत्र आणण्याआधी कामगारांशी वाटाघाट झाली पाहिजे. १९५७ च्या तीन अटी ठरावातून कायद्यात आल्या पाहिजेत. कपातीची यादी सामाजिक प्रवर्गानुसार जाहीर झाली पाहिजे, म्हणजे कोण आधी जातो ते दिसेल. सरकारी सवलत, जमीन, करमाफी घेणाऱ्या खाजगी उद्योगात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. आणि आपल्या चळवळीनेही आरक्षणाच्या जागा मोजताना त्या जागा कंत्राटात आणि यंत्रात कशा विरघळतात, याकडे लक्ष दिले पाहिजे. जागाच उरली नाही तर आरक्षण कशाचे?

आंबेडकरी चळवळीचा यात काय संबंध, असे त्याने विचारले होते. १९२८ साली मालक म्हणाले, आम्ही जबाबदार नाही. त्यांना जबाबदार धरण्याची मागणी ज्या चळवळीने केली, ती आपली होती. ते काम अजून पुरे झालेले नाही.

जय भीम!